विश्लेषण : फवारणी, जिनिंग, भट्टी... कामातून कर्करोग होतो का, हे वर्ध्यात कसे शोधता येईल?

वर्धा जिल्ह्यात दरवर्षी किती जणांना कर्करोग होतो, कोणत्या अवयवाचा होतो, कोणत्या वयात होतो, याची नोंद ठेवली जाते. पण ज्याला तो झाला त्याने आयुष्यभर कोणते काम केले, कशाची धूळ, कशाचा धूर, कशाचे औषध अंगावर घेतले, हे त्या आकड्यांतून कळत नाही. कापसाच्या या जिल्ह्यात हा प्रश्न अनेकांच्या मनात आहे. मात्र त्याचे उत्तर मिळवण्यासाठी संशोधन आखायचे तर सुरुवात प्रयोगशाळेतून नव्हे, तर चार साध्या वाटणाऱ्या प्रश्नांपासून करावी लागते.

नोंदणी आहे, मग उत्तर का नाही?

देशात राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम १९८२ च्या सुमारास सुरू झाला. ग्रामीण भागातील पहिली नोंदणी महाराष्ट्रातच, बार्शी येथे १९८७ मध्ये उभी राहिली. वर्धा जिल्ह्याची लोकसंख्याधारित नोंदणी सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत २०१० पासून चालते. लोकसंख्याधारित म्हणजे केवळ सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात आलेले रुग्ण नव्हेत. जिल्ह्याचा रहिवासी सावंगीला गेला, नागपूरला गेला किंवा मुंबईला गेला तरी तो शोधून मोजायचा. त्यासाठी नोंदणीचे कर्मचारी रुग्णालये, तपासणी केंद्रे आणि मृत्यू नोंदणी कार्यालयांत स्वतः जाऊन माहिती गोळा करतात.

हे मोठे भांडवल आहे. देशातील बहुतेक जिल्ह्यांत अशी नोंदणी नाही. पण नोंदणीचे काम मोजण्याचे असते, कारण शोधण्याचे नव्हे. आणि मोजणी कितीही चोख असली तरी एक अडचण राहते. रुग्णालयाच्या केसपेपरवर ‘व्यवसाय’ या रकान्यात एकच शब्द मावतो : शेती, मजुरी, गृहिणी. यातला तिसरा शब्द सर्वात फसवा. ज्या बाईने तीस वर्षे निंदण केले, कापूस वेचला, फवाऱ्यासाठी पाणी वाहून औषध कालवून दिले, तिच्या कागदावरही अनेकदा ‘गृहिणी’च असते.

संशय नेमका कशावर?

जागतिक आरोग्य संघटनेची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था (आयएआरसी) फ्रान्समधील लियॉन येथे आहे. कोणत्या पदार्थाने किंवा कामाने कर्करोग होतो याचे पुरावे तपासून ती वर्गवारी करते. गट १ म्हणजे मानवात कर्करोग होतो हे सिद्ध. गट २ अ म्हणजे बहुधा होतो, गट २ ब म्हणजे होऊ शकतो. ही वर्गवारी पुरावा किती भक्कम आहे हे सांगते. धोका किती मोठा आहे हे सांगत नाही. बातम्यांत हा फरक नेहमी हरवतो. तंबाखूचा धूर आणि लाकडाचा भुसा दोन्ही गट १ मध्ये आहेत, म्हणून दोन्ही सारखेच घातक ठरत नाहीत.

वर्ध्यात ही यादी घेऊन फिरले तर कामाच्या बऱ्याच जागा तिच्यात सापडतात. वेल्डिंगचा धूर, डिझेलचा धूर, लोखंड-पोलादाचे ओतकाम, रंगकाम, फर्निचरच्या कारखान्यातील लाकडाची धूळ, सिलिकाची धूळ, अॅस्बेस्टॉस आणि उघड्यावर काम करणाऱ्याच्या पाठीवरचे ऊन, हे सारे गट १ मध्ये आहे. देवळीची औद्योगिक वसाहत, भूगावचा पोलाद प्रकल्प, हिंगणघाटवरून जाणारा नागपूर-हैदराबाद महामार्ग, जागोजागची गॅरेजे आणि बांधकामे यांत हजारो लोक राबतात. रात्रपाळी गट २ अ मध्ये आहे.

कीटकनाशकांचे चित्र अधिक गुंतागुंतीचे. आयएआरसीने २०१५ मध्ये लिंडेन गट १ मध्ये टाकले. मॅलॅथिऑन, डायझिनॉन आणि ग्लायफोसेट गट २ अ मध्ये, तर २,४-डी गट २ ब मध्ये. लिंडेनचा संबंध प्रामुख्याने नॉन-हॉजकिन लिम्फोमा या लसिका ग्रंथींच्या कर्करोगाशी जोडला गेला. आजच्या तरुण शेतकऱ्याला लिंडेन हे नाव कदाचित माहीत नसेल, पण बीएचसी पावडर आणि गॅमेक्झीन ही नावे साठी उलटलेल्या कोणालाही आठवतील. लिंडेन हा त्याच कुळातला घटक.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. तो तातडीच्या विषबाधेचा इशारा आहे : पोटात किंवा अंगावर गेल्यास औषध किती लवकर जिवावर बेतेल याचा. वीस वर्षांनी काय होईल याच्याशी त्या रंगाचा संबंध नाही. हिरवा त्रिकोण पाहून निर्धास्त होणे चुकीचे, आणि लाल त्रिकोण म्हणजे कर्करोग असे म्हणणेही चुकीचेच.

शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. ते मृत्यू दिसले, कारण फवारणी आणि मृत्यू यांत काही तासांचे किंवा दिवसांचे अंतर होते. कर्करोगात हे अंतर दहा, वीस, कधी चाळीस वर्षांचे असते. तोवर डबा फेकलेला असतो, दुकान बदललेले असते आणि माणूसही दुसऱ्याच कामावर असतो.

कापसाच्या धुळीचे काय?

जिनिंगमध्ये रुई आणि सरकी वेगळी होताना जी धूळ उडते ती छातीला लागते, हे हिंगणघाटमधील कोणताही कामगार सांगेल. या धुळीने होणारा बिसिनोसिस हा श्वसनविकार कायद्यानेही व्यावसायिक आजार मानला आहे. मग फुप्फुसाचा कर्करोगही होत असणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण चीनमधील शांघाय शहराच्या कापड गिरण्यांतील २ लाख ६७ हजार महिला कामगारांच्या मोठ्या अभ्यासातून उलटेच चित्र पुढे आले. कापसाच्या धुळीतील एंडोटॉक्सिन या जिवाणूजन्य घटकाशी ज्यांचा संपर्क जास्त, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळला.

याचा अर्थ धूळ चांगली असा नाही. श्वास कोंडणारी धूळ कोणालाच नको. पण ‘जे त्रासदायक ते कर्करोगकारक’ हे गृहीतक किती सहज कोसळते, ते यातून दिसते. दगडाच्या क्रशरबाबतही असेच. सिलिकाची धूळ गट १ मध्ये आहे म्हणून प्रत्येक गिट्टी खदान सारखीच धोक्याची ठरत नाही. वर्ध्याचा काळा दगड बेसॉल्ट आहे आणि त्यात मुक्त सिलिका ग्रॅनाइट किंवा वालुकाश्मापेक्षा सहसा कमी असते. उलट शहरात फरशा आणि ग्रॅनाइट कापणाऱ्या कारागिराच्या नाकात ती अधिक जाण्याची शक्यता. म्हणून आधी हवा मोजावी लागते, नंतर बोलावे लागते.

संशोधन कोणत्या पद्धतीने करावे?

सर्वात सोपी वाटणारी पद्धत म्हणजे कामगारांचा गट निवडायचा आणि वर्षानुवर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवायचे. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत १९९३ ते १९९७ दरम्यान फवारणी करणारे आणि त्यांचे जोडीदार मिळून सुमारे ८९ हजार जणांना अशा अभ्यासात घेतले गेले. तिथे एकूण कर्करोग सर्वसाधारण लोकांपेक्षा कमीच निघाला, पण पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग फवारणी करणाऱ्यांत जास्त आढळला. एकूण आकडा कमी दिसण्यामागे शेतकऱ्यांतील धूम्रपानाचे कमी प्रमाण हे एक कारण. दुसरे असे की, अंगमेहनतीचे काम मुळात धडधाकट माणूसच करतो आणि आजारी माणूस ते सोडून देतो. त्यामुळे कामावर असलेल्यांची तुलना साऱ्या समाजाशी केली की काम आरोग्यदायी असल्याचा भास होतो.

वर्ध्यात हा मार्ग कितपत चालेल? हिशेब करून पाहू. एखादा कर्करोग वर्षाला लाखात पाच जणांना होतो असे धरा. जिनिंगमधील २,००० कामगारांवर दहा वर्षे लक्ष ठेवले तर त्यांच्यात अपेक्षित रुग्ण किती? एक. दुप्पट धोका असेल तर दोन. एक आणि दोन यांतून काहीही सिद्ध होत नाही.

म्हणून उलट्या दिशेने जावे लागते. ज्यांना कर्करोग झाला त्यांना गाठायचे, त्याच वयाच्या आणि त्याच जिल्ह्यातील निरोगी माणसांना निवडायचे आणि दोघांनाही एकच प्रश्न विचारायचा : आयुष्यभर काय काम केलेत? रुग्ण-नियंत्रण अभ्यास म्हणतात तो हाच. इथे नोंदणीचा खरा उपयोग होतो, कारण रुग्णांची यादी तयार असते.

रुग्ण किती लागतील, हे त्या कामाचे समाजातील प्रमाण ठरवते. धोका दुप्पट आहे असे धरून संख्याशास्त्राचे नेहमीचे निकष लावले, तर तीस टक्के लोक करत असलेल्या कामासाठी साधारण १४० रुग्ण आणि तितकेच निरोगी लागतात. दहा टक्के लोक करत असतील तर सुमारे २८० रुग्ण. एकच टक्का करत असेल तर जवळपास २,४००. याचाच अर्थ, वेल्डरांचा प्रश्न एकट्या वर्ध्यात सुटणार नाही. त्यासाठी अनेक जिल्हे किंवा राज्ये एकत्र हवीत. पण फवारणीचा प्रश्न इथे सुटू शकतो, कारण निम्म्याहून अधिक ग्रामीण असलेल्या या जिल्ह्यात पाठीवर पंप घेतलेली माणसे गावोगाव आहेत.

तरीही घाई नको. जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे १३ लाख होती. नॉन-हॉजकिन लिम्फोमासारखा आजार वर्षाला लाखात तीन जणांना होतो असे उदाहरणादाखल धरले, तर वर्षाला ३९ रुग्ण. त्यातले सगळे भेटणार नाहीत, काही त्याआधीच गेलेले असतील. १४० रुग्ण जमायला चार वर्षे सहज जातील. धोका दुप्पट नसून दीडपट असेल तर ४२५ रुग्ण लागतील, म्हणजे दहा वर्षांहून अधिक. नागपूर, यवतमाळ, अमरावतीची रुग्णालये जोडली तर हा काळ बराच आक्रसतो. योजना जिल्ह्याची असली तरी भागीदारी विदर्भाची हवी ती यासाठी.

तुलना कोणाशी करायची?

नियोजनात सर्वाधिक चुका इथे होतात. सेवाग्राम आणि सावंगीच्या रुग्णालयांत वर्ध्याबाहेरचेही रुग्ण मोठ्या संख्येने येतात : यवतमाळ, चंद्रपूर, तेलंगणाच्या सीमेवरचे. समजा, कर्करोगाचे रुग्ण रुग्णालयातून घेतले आणि तुलनेसाठी निरोगी माणसे वर्धा शहरातील ओळखीची घेतली. रुग्ण बहुतेक कास्तकार निघतील आणि निरोगी बहुतेक नोकरदार. शेतीने कर्करोग होतो असा निष्कर्ष त्या तुलनेतच आधी पेरलेला असेल. त्यामुळे दोघेही एकाच रहिवासी यादीतून यायला हवेत आणि बाहेरच्या जिल्ह्यातील रुग्ण वेगळे काढायला हवेत.

गावांची गावांशी तुलना करणे हा आणखी एक मोह. पंजाबात बठिंड्याहून बिकानेरला रुग्ण नेणाऱ्या गाडीला लोकांनी ‘कॅन्सर ट्रेन’ हे नाव दिले, कीटकनाशकांवर बोट ठेवले. चंदीगडच्या पीजीआय संस्थेने २००५ च्या सुमारास तलवंडी साबो आणि चमकौर साहिब या दोन भागांची तुलना केली, तेव्हा कापूसपट्ट्यातील तलवंडी साबोत कर्करोग जास्त आढळला. पण दोन भागांत पाणी, सवयी, वयोमान असे बरेच काही वेगळे असते. आजारी पडलेल्याने स्वतः फवारणी केली होती का, हे अशा तुलनेतून कळत नाही.

खर्रा आणि दारू का मोजायची?

विदर्भात कामाच्या प्रश्नाआधी खर्ऱ्याचा प्रश्न येतो. तंबाखू आणि सुपारी दोन्ही आयएआरसीच्या गट १ मध्ये आहेत आणि खर्ऱ्यात दोन्ही एकत्र असतात. मजुरीवर जाणारा माणूस खर्रा अधिक खात असेल आणि तोंडाचा कर्करोग त्याच्यातच जास्त दिसला, तर दोष कामाचा की खर्ऱ्याचा? म्हणून खर्रा खातो की नाही एवढे विचारून भागत नाही. कोणत्या वयापासून, दिवसाला किती पुड्या, झोपताना गालात ठेवतो का, इतके खोलात जावे लागते. कामाचा परिणाम शोधायचा तर सुरुवात तोंडाच्या कर्करोगापासून करू नये, असे म्हणण्यामागेही हेच कारण. तिथे तंबाखूचा आवाज इतका मोठा आहे की बाकी काही ऐकू येत नाही.

दारूची अडचण वेगळी. वर्धा हा दारूबंदीचा जिल्हा. ‘तुम्ही पिता का?’ हा प्रश्न इथे आरोग्याचा राहत नाही, गुन्ह्याचा होतो. अनोळखी माणूस कागद-पेन घेऊन ओसरीवर बसला, तर खरे उत्तर मिळण्याची शक्यता किती? मद्यही गट १ मध्येच आहे, त्यामुळे तो प्रश्न गाळता येत नाही. उत्तर एकट्यात घ्यावे लागते, नावाऐवजी क्रमांक वापरावा लागतो आणि माहिती पोलिसांकडे जाणार नाही हे आधी पटवून द्यावे लागते.

तीस वर्षांपूर्वीचे औषध कोणाला आठवते?

शेतकऱ्याला रसायनाचे नाव क्वचित आठवते. आठवतो तो डब्याचा रंग, वास, कृषी सेवा केंद्राच्या मालकाने दिलेले नाव. त्यातही तीस वर्षांत कपाशीवरची औषधे पूर्ण बदलली. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये बंदी घातली. बीटी कपाशी २००२ मध्ये आली, बोंडअळीच्या फवारण्या काही वर्षे घटल्या. मग गुलाबी बोंडअळी परतली आणि दरम्यान तणनाशके वाढली. म्हणजे ‘तुम्ही फवारणी केलीत का?’ या प्रश्नाचे हो-नाही असे उत्तर निरुपयोगी आहे. कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, हंगामात किती दिवस, हातपंपाने की पॉवर स्प्रेने, कालवणारा कोण, कपडे धुणारे कोण, हे हवे.

यासाठी जगभर वापरली जाणारी युक्ती म्हणजे आयुष्याची दिनदर्शिका. सालाऐवजी खुणा विचारायच्या. लग्नाआधी की नंतर? थोरली शाळेत जायला लागली तेव्हा कोणाच्या शेतात होता? बीटी आली त्या वर्षी पंप कोणता होता? बायांच्या बाबतीत माहेरची वर्षे वेगळी विचारावी लागतात, कारण मुलगी असताना केलेले काम सासरच्या कोणालाच माहीत नसते. जुन्या डब्यांची छायाचित्रे दाखवली तर आठवण अधिक नेमकी होते. मग या उत्तरांवरून कृषी आणि औद्योगिक आरोग्यातील जाणकार संपर्काची पातळी ठरवतात. आणि ती ठरवताना समोरचा कागद रुग्णाचा की निरोगी माणसाचा, हे त्यांना सांगायचे नसते. आजारी माणूस ‘मला हे का झाले’ याच विचाराने आपले सारे आयुष्य धुंडाळत असतो, निरोगी माणूस तसे करत नाही. हा फरक उत्तरांत उतरतोच. निदान तो वर्गवारीत उतरू नये.

रक्ताची तपासणी करून हा सगळा खटाटोप टाळता येणार नाही का? नाही. ऑर्गेनोफॉस्फेट औषधांसाठी रक्तातील कोलिनएस्टेरेज तपासतात, पण त्यातून अलीकडचा संपर्क कळतो. १९९५ च्या फवारणीचा त्यात मागमूस नसतो.

कारखान्यांच्या बाबतीत स्मरणाऐवजी कागद उपयोगी पडू शकतात : हजेरीपट, भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी, कोणत्या खात्यात कोण होता याची पुस्तके. पण विदर्भातील जुन्या कापड गिरण्या एकामागून एक बंद झाल्या. नागपूरची १८७७ ची एम्प्रेस मिल गेली, पुलगावची गिरणी गेली. गिरणी बंद झाली की यंत्रे भंगारात जातात आणि दप्तर त्याहून लवकर. अॅस्बेस्टॉसचा आजार वीस ते चाळीस वर्षांनी उगवतो. त्या वेळी कामगार कोणत्या खात्यात होता हे सांगणारा कागद आजच जपला नाही तर कधीच मिळणार नाही.

परवानगी आणि भीती

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहभागीची माहितीपूर्ण संमती आणि संस्थेच्या नैतिक समितीची मंजुरी लागते. ती मिळवणे हे कागदी काम. खरी अडचण कंत्राटी कामगाराची. मुकादमासमोर मुलाखत घेतली तर धूळ नाही, धूर नाही, सगळे ठीक आहे, असेच उत्तर येईल. मुलाखत घरी, सुट्टीच्या दिवशी घ्यावी लागते. शेतमजुराची घ्यायची तर वेचणीचा हंगाम टाळावा लागतो, नाही तर त्याची दिवसाची मजुरी बुडते. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेसारख्या संस्थांकडे कामाच्या जागी हवा मोजण्याचे तंत्र आहे. कारखान्याच्या आत जाऊन मोजायचे तर व्यवस्थापनाचा होकार लागतो, आणि न मिळाल्यास तसे अहवालात लिहावे लागते.

संबंध सिद्ध झाला तर मजुराला काय मिळेल?

ब्रिटनमध्ये असे अभ्यास साठत गेले, तेव्हा तिथल्या कर्करोगाच्या मृत्यूंपैकी सुमारे ५.३ टक्के कामाशी निगडित असल्याचा अंदाज बांधता आला. त्यावर कारखान्यांतील उपाययोजना ठरल्या. भारतात १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात सूचनीय आजारांची यादी होती, त्यात व्यावसायिक कर्करोगही होता. असा रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरने मुख्य कारखाने निरीक्षकाला कळवणे त्या कायद्याने अपेक्षित धरले. पण कळवण्यासाठी डॉक्टरने आधी विचारायला हवे की, तुम्ही काय काम करत होता. केसपेपरवरच्या त्या एका शब्दापाशी गाडी पुन्हा येऊन थांबते.

शेताला तर हा कायदाच लागू नव्हता. शेतातील विषबाधेसाठी राज्यात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. मृत्यू झाल्यास कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. मात्र ती अपघातासाठी आहे, वीस वर्षांनी होणाऱ्या आजारासाठी नाही. आणि लाभार्थी आहे सातबाऱ्यावर नाव असलेला खातेदार आणि त्याच्या कुटुंबातील एक जण. दुसऱ्याच्या शेतात रोजाने पंप मारणारा भूमिहीन मजूर त्यात बसत नाही.